नंतरचं सिरम

९ मे
पेशी गेल्या. पुन्हा. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर बाटल्यांमधला गुलाबी मीडिया, पेशींचं खाद्य, जांभळा पडलेला. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर संपला होता आणि बदलायची पाळी माझी होती. लॅबच्या प्रमुख बोरसे मॅडम (बो.मॅ.) नुसता चष्मा पुसत बसल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं.
आता फ्रीझरमधनं नव्या काढायच्या, त्या जगवायच्या, वाढवायच्या. आठवडे पाण्यात.

११ मे
मनीचा कंपनीतनं फोन, शिफ्ट सुटायच्या आधीच. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द झालं. आधी रक्त तपासतात, त्यात हेपॅटायटिस सी निघाला, रक्तातनं पसरणारा लिव्हरचा व्हायरस. मामा म्हणजे आईचे भाऊ, आणि मनी त्यांची पोरगी, म्हणून आता सासरेही. पण तोंडात मामाच बसलंय.
मनी म्हणाली, "तुम्ही ज्याच्यावर काम करता तेच ना हे?"
म्हटलं, तेच.
"मग बरं झालं."
बरं झालं म्हणे. मला हसू आलं. चार वर्षं ह्या व्हायरसबरोबर काढली आणि एकदासुद्धा डोक्यात आलं नाही की मामांचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला तेव्हा त्यांना रक्त चढवलं होतं, त्यांचं एकदा तपासून घेऊ. सणसवाडीच्या लॅबमध्ये रोज येणाऱ्या-जाणाऱ्याचं रक्त तपासतो मी.

१८ मे, रविवार
तळेगाव, न्हावरं, चौफुला करत पाटसला, मामांकडे. मनी गाडीवर मागं, मांडीवर माझी रक्ताची पेटी.
मामा ठीक दिसले. जरा वाळलेत. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात लिव्हरचं स्कॅन झालंय. लिव्हर कडक झालंय, पण वेळ गेलेली नाही, गोळ्या ताबडतोब सुरू करायच्या असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तीन महिन्यांचा कोर्स, दर महिन्याला जाऊन एक बाटली आणायची, फुकट. पुढच्या खेपेला पहिली मिळेल. आपल्याकडे हा रोग बरा होतो ह्याचं मला अजून नवल वाटतं. बाटलीत वाढवता येत नाही, माणसातनं मात्र हाकलता येतो.
बो.मॅ.ना गोळ्या सुरू व्हायच्या आधीचं सिरम, म्हणजे रक्तातलं वरचं पाणी, हवंच होतं. बाजेवर बसवून रक्त काढलं. मामा सुईकडे बघत बसतात, तोंड फिरवत नाहीत.
"हे न्हेऊन काय करणार?"
म्हटलं, तुमचा व्हायरस आमच्या बाटलीत वाढवायचा. वाढला की त्याच्यावर औषध टाकून बघायचं.
"माझाच जंतू? दुसऱ्या कुणाचा मिसळायचा न्हाई?"
"तुमचाच, मामा."
"मंग ब्येस हाय," म्हणाले आणि संमतीच्या कागदावर सही केली.
मामी आत कोंबडी चिरत होत्या. तिथनं ओरडून म्हणाल्या, पोरानं शिकल्याचा उपयोग झाला बघा. मी पण फुगलो. कशाला खोटं लिहू.

४ जून
मामांनी गोळ्यांची पहिली बाटली आणली. फोनवर गोळीचं नाव एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं. म्हटलं, हेच ते, ह्याच्याइतकं चांगलं औषध दुसरं नाही. "बघू. तुझं येऊ दे," म्हणाले. मी लॅबमध्ये होतो, हातात पिपेट, फोन खांद्यात धरलेला. बरं म्हटलं आणि ठेवला.
भावकीत कुजबुज चालू आहे. लिव्हर म्हणजे दारूच, दुसरं काय असणार. मामांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. मामी म्हणाल्या, त्यांना तेच लागलंय मनाला.

१० जून
काम नाही. म्हणजे खूप आहे, पण पुढे सरकत नाही. पेशंटांची सिरम घालतो, पेशी ढिम्म. जगात निम्म्या लॅब एकाच जपानी पेशंटच्या व्हायरसवर काम करतात, कारण तेवढाच बाटलीत धड वाढतो. पेशीही एका जपानी माणसाच्याच, त्याच्या लिव्हरच्या गाठीतल्या. तो गेला असेल केव्हाच. त्याची गाठ इथं नगर रोडला आमच्या लॅबमध्ये वाढतेय आणि मी तिला रोज खाऊ घालतो.
लॅबमधली श्वेता म्हणते आपण त्या पेशींतच बदल करू. एक जास्तीचं प्रोटीन पेशीत घातलं की पेशंटचा व्हायरस तग धरतो असं छापून आलंय. तिनं महिनाभर खपून तशा पेशी केल्यात. बघू.

२१ जून
लागला.
मायक्रोस्कोपखाली हिरवे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे व्हायरस लागलेली पेशी. थोडेच आहेत, पण आहेत. श्वेताला बोलावलं, तिनं बघितलं, मग बो.मॅ.नी बघितलं आणि खुर्चीतच बसून राहिल्या. पाच पेशंटांची सिरम घातली होती, दोघांचा लागला. त्यातले एक मामा.
जिना उतरून खाली आलो आणि मामांना फोन लावला. "मामा, लागला तुमचा!" त्यांना वाटलं लॉटरी लागली. मग समजलं तर तेही खूश. "औषध टाकलं का त्यात?" म्हटलं, टाकणार, औषधाची पावडर मागवलीय, आली की टाकतो. "टाक. घाई न्हाई. नीट कर."
एका माणसाला त्याचा रोग वाढला म्हणून आनंदानं फोन करणारा मी पहिलाच असेन.

(हे पान ऑक्टोबरात वाचतोय. ह्याच फोनवर एक प्रश्न विचारायचा होता. एकच. तोंडाशी आला नाही कारण डोक्यातच नव्हता.)

१२ जुलै
पावडर आली नाही. कस्टम्समध्ये कुठंतरी पडलीय. रोज फोन करतो, रोज वेगळा माणूस उचलतो.
शिक्रापूरच्या चौकात आज तासभर अडकलो. कंटेनर आडवा. मनीची रात्रपाळी, माझी दिवसपाळी, खोलीत आम्ही कुलपाला भेटतो.
मामांचा फोन. "रिपोर्ट?" म्हटलं, येईल मामा. आधी माझ्या तब्येतीची चौकशी करायचे, आता सरळ रिपोर्ट. म्हाताऱ्याला माझ्या कामात रस आहे ह्याचं बरं वाटलं.

३ ऑगस्ट
मामांनी तिसरी बाटली आणली. एकही खेप चुकवली नाही. एसटीनं जातात, एसटीनं येतात. दवाखान्यातल्या बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं म्हणे, असा पेशंट पाहिजे.
बो.मॅ.ना आता नंतरचं सिरम हवंय. गोळ्या संपल्यावरचं. त्याच माणसाचं आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवायचं. आधीच्यानं पेशींना व्हायरस लागतो, नंतरच्यानं लागत नाही, असं दिसलं की आमचं मॉडेल खरं. नाहीतर ठिपके कशाचेही असू शकतात. बरोबरच आहे त्यांचं.

३१ ऑगस्ट, रविवार
पाटस. नंतरचं रक्त काढलं. तिन्ही महिने झाले ना मामा, म्हटलं, आणि पेटीतनं नळ्या काढायला लागलो. "तिन्ही आणल्या," म्हणाले. मामांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठला होता, जरा खोलच. विचारलं तर म्हणाले, पाण्यात उभं राहून पाय सुजल्यात, पाटाच्या पाण्याची पाळी होती. मनी म्हणाली, दवाखान्यात दाखवा. म्हणाले, जाणारच हाय, रिपोर्ट आला की.
जेवण नेहमीसारखं. मामा कमी जेवले. पोट भरल्यासारखं वाटतं म्हणतात.
परतताना गाडीवर मी मनीला नंतरच्या सिरमचं महत्त्व समजावून सांगत होतो.

९ सप्टेंबर
माती खाल्ली.
नंतरच्या सिरमनंही ठिपके. आधीच्याइतकेच. कदाचित जास्तच. म्हणजे जूनपासून जे बघून नाचत होतो ते सगळं खोटं. कुठंतरी मिसळलंय. नाहीतर बऱ्या झालेल्या माणसाच्या सिरममधनं व्हायरस येईल कुठनं.
दुसऱ्या पेशंटचं नंतरचं सिरम मात्र स्वच्छ. म्हणजे मामांच्याच नळीत घोळ.

१२ सप्टेंबर
श्वेताशी भांडलो. तिनं आधीची आणि नंतरची नळी एकाच स्टँडमध्ये ठेवली होती. एकच पिपेट वापरलं असेल म्हटलं. तिनं शांतपणे सांगितलं की दर वेळी पिपेटचं टोक, टिप, बदलते. म्हटलं, तुझ्या लक्षात राहिलं नसेल. "अमोल, मी टिप बदलते," एवढंच म्हणाली आणि डबा उचलून बाहेर गेली.
मला खात्री आहे. काय करू.

१३ सप्टेंबर
सगळ्या बाटल्या ब्लीचमध्ये. जूनपासूनच्या. काम करायचा काचेचा हूड पुसला, इन्क्युबेटरच्या फळ्या काढून धुतल्या, मीडिया नवा, पेशी सुट्या करायचं ट्रिप्सिन नवं. शेवटची बाटली ओतायच्या आधी एकदा मायक्रोस्कोपखाली धरली. आतल्या पेशी चांगल्या चिकटून वाढल्या होत्या बिचाऱ्या.
मामांचा फोन आला होता. उचलला नाही. काय सांगणार, वाटोळं झालं म्हणून?

२५ सप्टेंबर
नव्या पेशी. नवं सगळं. नळ्यासुद्धा फ्रीझरमधल्या न उघडलेल्या. स्वतः केलं, श्वेताला हात लावू दिला नाही.
पुन्हा ठिपके.
आता हात टेकले.

२६ सप्टेंबर
बो.मॅ.पुढे सगळं मांडलं. काय काय धुतलं, काय काय टाकलं, कुणावर संशय आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "सिरममध्येच किती व्हायरस आहे ते मोजलंस? पेशीत घालायच्या आधी?"
आधीचं मोजलं होतं. नंतरचं नाही. नंतरच्यात नसणारच ना.
"नसणार हे कोणी सांगितलं?"
"मॅडम, कोर्स पूर्ण झालाय त्यांचा."
"गोळ्या घेतल्या हे कोणी सांगितलं?"
"मी ओळखतो त्यांना," म्हणालो.
त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मला तेव्हाच कळलं. पायावरचा वळ, कमी झालेलं जेवण, बघू तुझं येऊ दे, टाक घाई न्हाई. सगळं माझ्यासमोर झालं होतं.
संध्याकाळपर्यंत पीसीआर लावला. नंतरच्या सिरममध्ये भरपूर व्हायरस. जरासुद्धा हललेला नाही.
पेशी खरं बोलत होत्या. मी त्यांना ब्लीचमध्ये घातलं.

२८ सप्टेंबर, रविवार
लिहायला बसलोय, क्रम लागत नाहीय.
मनीला कालच सांगितलं. ती पहाटेच तयार होऊन दारात उभी.
मामा ओट्यावर बसले होते. पोट सदऱ्यातनं पुढे आलेलं. महिन्याभरात एवढं. मनीनं चपला काढल्या आणि तडक आत गेली. पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती तीन पांढऱ्या बाटल्या घेऊन. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नाही. आत फडक्यात नीट गुंडाळून ठेवल्या होत्या, उंदरांनी खाऊ नयेत म्हणून.
"आप्पा, हे काय हाय?"
मामा तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसले. "आला का रिपोर्ट?"
मी म्हटलं, मामा, कसला रिपोर्ट?
मग त्यांनी सांगितलं. अगदी समजावून, मी लहान असल्यासारखं. "आमचा म्हातारा मेंढरं घेऊन कोकणापातूर जायचा. नवं औषध आणलं तर आधी एका मेंढराला पाजायचा. चार दिस बघायचा. झ्येपलं तर मंग कळपाला. सगळ्यांना एकदम पाजून कळपच्या कळप मेल्यालं त्यानं बघितलंय दुसऱ्यांचं. मला तूच म्हणलास, तुमचाच जंतू बाटलीत वाढवतो आन् औषध टाकून बघतो. मी म्हणलं ब्येस झालं. तुझी बाटली म्हंजी आपलं ते एक मेंढरू. तिला झ्येपलं की मी घेतो. लोकं आंधळ्यावानी गोळ्या खात्यात. मला तर घरात लॅब हाय."
"पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ताबडतोब—"
"त्यांना काय, त्या सगळ्यांनाच तेच सांगत्यात. माती तपासल्याबिगर खत घालतो का आपण? माझ्या मातीला काय लागतंय ते माझीच माती सांगंल ना."
मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, मला वाटायचं रोज घेत्यात. सकाळी पाणी घेऊन आत जायचे.
आत जाऊन बाटल्या जागेवर आहेत का ते बघायचे, असं मामा म्हणाले. घट्ट धरून होते सगळं. माझ्या शब्दावर.
मी त्यांना सांगितलं. मामा, रिपोर्ट कधी येणारच नव्हता. ते तुमच्यासाठी नव्हतं. ते शिकण्यासाठी होतं, आमच्यासाठी. गोळ्या आधीच माणसांवर तपासलेल्या आहेत, हजारो माणसांवर. तुम्ही कशासाठीच थांबायचं नव्हतं.
मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, "मंग मागल्या म्हैन्याला रक्त कशाला न्हेलंस? तवाबी शिकायलाच?"
व्हय मामा, म्हणालो.
"हां," म्हणाले आणि उठून आत गेले. उठताना खांबाला धरलं.
चुलीपाशी मनीनं मला गाठलं. लग्नानंतर ती मला अहो-जाहो करते, रागात लहानपणचं तू निघतं. "बाटल्यांना रोज बघतोस. रविवारी सुद्धा जातोस, त्यांना उपाशी ठेवू नये म्हणून. माझ्या बापाला एकदा विचारलं न्हाईस, गोळी खाल्ली का. एकदा."
मी पहिल्या बाटलीचं सील तोडलं आणि ती तिच्या हातात दिली.
दुपारी मनीनं पहिली गोळी स्वतःच्या हातानं दिली. मामांनी घेतली. पाणी प्यायल्यावर तिच्याकडे बघून म्हणाले, चव न्हाई काय.

१ ऑक्टोबर
दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाटल्या बघितल्या, तारखा बघितल्या, माझ्याकडे बघितलं. मी काय करतो ते मनीनं सांगून टाकलं.
पोटात पाणी झालंय. लिव्हरनं हात टेकायला सुरुवात केलीय. गोळ्या चालू ठेवायच्याच, व्हायरस जाईल, पण जे बिघडलं ते कितपत सुधारेल सांगता येत नाही म्हणाल्या. जूनमध्येच सुरू केल्या असत्या तर असं एक वाक्य त्यांनी अर्धं सोडलं.

३ ऑक्टोबर
श्वेताची माफी मागितली. जेवायच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, कारण भांडलोही सगळ्यांसमोर होतो. ती म्हणाली, ते जाऊ दे, तुझे मामा कसे आहेत? मला रडूच आलं. तिनं डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवली आणि दुसरीकडे बघत राहिली.

८ ऑक्टोबर
गावाकडनं, केंदूरहून आईचा फोन. तिला सगळं कळलंय. तिचा धाकटा भाऊ. ती रागावली नाही, त्यानं जास्त लागलं. "तू मुद्दाम थोडंच केलंस," म्हणाली. मुद्दाम केलं नाही हे खरं. पण काहीच केलं नाही हेही खरं आहे ना.
मनी पाटसला मामांच्या वस्तीवर राहायला गेलीय. कंपनीत रजा टाकली. मला फोन करते, पण फक्त कामाचा. पोटातलं पाणी काढलं, लघवी किती झाली, मीठ बंद केलंय. दिवसाला एकदा. मी लिहून घेतो, सवय लागलीय.

१४ ऑक्टोबर
बो.मॅ. खूश आहेत. लपवत होत्या, पण दिसतं. पेशी खऱ्या ठरल्या. आता मामांच्या दोन्ही सिरमना "गोळ्यांआधीचं पहिलं" आणि "गोळ्यांआधीचं दुसरं" असं नाव द्यायचं आणि दोन्ही वेळा व्हायरस लागला असं दाखवायचं. तीन महिन्यांच्या अंतरानंही निकाल तोच, म्हणजे मॉडेल भरवशाचं. त्यांनी स्क्रीनवर आलेख लावला, दोन उभ्या पट्ट्या, सारख्या उंचीच्या. "पेपरवर तुझं नाव पहिलं राहील," म्हणाल्या.
त्या दोन पट्ट्यांमध्ये जी जागा आहे, तिथं मामा रोज सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन आत जात होते.
म्हटलं मॅडम, माझं नाव नको. त्या म्हणाल्या, वेडेपणा करू नकोस, त्यानं तुझ्या मामांना काय मिळणार? बरोबर आहे. काहीच नाही. त्या वाईट बाई नाहीत. परवा मामांसाठी ओळखीच्या लिव्हरच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला, वेळ घेऊन दिली. तरी मी उठून बाहेर आलो. नावाचं काय ते अजून ठरलेलं नाही.

२६ ऑक्टोबर
दिवाळी झाली. कुठं काय केलं नाही. पाटसला गेलो होतो. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालंय, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मामांचा ऊस उभा आहे. तोडकऱ्यांची टोळी आली की तोडायचा, पण कधी आणि किती ते ठरवणारा माणूस बाजेवर. गावातले येतात, दोन मिनिटं बसतात, पोटाकडे बघतात. एकजण बाहेर पडताना म्हणालाच, दारू सोडायला पाहिजे होती वेळेत. मामांना ऐकू गेलं. मी त्याच्या मागं गेलो आणि दोन गोष्टी सांगितल्या. मामी मला आत ओढत म्हणाल्या, कशाला बाबा. आता त्यांना काय फरक पडतो.
मामा माझ्याशी बोलतात. नेहमीसारखं. तेच सोसवत नाही. उसाला कोणतं खत घातलं, कालवा कधी सुटणार. एकदा हळूच म्हणाले, "अमोल, तुझी चूक न्हाई. मीच शाना झालो." मी म्हटलं, शहाणे होतातच तुम्ही. विचार बरोबर होता तुमचा. फक्त मी बाटलीचं सांगितलं आणि तुमच्या गोळ्यांचं सांगायचं विसरलो.
"जाऊ दे," म्हणाले. "चा घेतोस?"

११ नोव्हेंबर
पावडर आली. आज. डबा उघडला, थर्माकोलमध्ये एवढीशी कुपी. कुठं होतीस म्हणावंसं वाटलं.

१७ नोव्हेंबर
औषध टाकलं. पावडर आली त्याच दिवशी. मामांच्या व्हायरसवर मामांचंच औषध. तीन दिवसांत ठिपके कमी, आज जवळजवळ नाहीत. श्वेता माझ्या शेजारी उभी होती.
हाच तो रिपोर्ट. जुलैमध्ये पावडर आली असती तर मी नाचत फोन केला असता, झेपलं मामा, एकदम झेपलं. आणि त्यांनी त्याच दिवशी पहिली बाटली फोडली असती. आमच्या दोघांच्याही लक्षात कधीच काही आलं नसतं.
असंही होऊ शकलं असतं. रोज मनात येतं आणि रोज त्याचा काही उपयोग नाही.

२३ नोव्हेंबर
मनीचा फोन. मामा काल मामींना आई म्हणाले. मग हात थरथरायला लागले, झोपेतनं उठेनात. पुण्याला हलवलं. लिव्हर साफ करत नाही ते मेंदूत चढतं, असं डॉक्टरांनी सांगितलं तिला. मला माहीत आहे ते. पुस्तकात वाचलंय. मनी विचारत होती, उतरतं का? उतरतं, म्हणालो. बहुतेक वेळा उतरतं. ती म्हणाली, या तुम्ही. बऱ्याच दिवसांनी तुम्ही म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार
वॉर्डात. खिडकीशेजारची खाट.
सकाळी रक्ताचा निकाल आला. व्हायरस सापडला नाही. दोन महिन्यांत. सही-शिक्क्यासकट, एका ओळीत. राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, गोळ्यांनी त्यांचं काम केलं. लिव्हरचं बघू. पुढचे काही दिवस महत्त्वाचे.
मनी चहा आणायला गेली होती. मामी खालीच बसल्या होत्या, डोकं खाटेला टेकवून, डुलकी लागलेली. मामा जागे होते. कालपेक्षा बरे. मला ओळखलं. निदान नाव घेतलं.
कागद दिसला तसे डोळे उघडले. "रिपोर्ट आला?"
म्हटलं, आला मामा.
"कसा हाय?"
"चांगला आलाय. एकदम चांगला."
त्यांनी हात पुढे केला. कागद दिला. उलटाच धरला त्यांनी, पण नीट बघत राहिले, वरपासून खालपर्यंत, जसा शेताच्या माती तपासणीचा बघतात. चेहरा निवळला. इतके दिवस आवळून धरलेलं काहीतरी सुटल्यासारखं. मग कागदाची घडी घातली, सदऱ्याचा खिसा शोधला, अंगात दवाखान्याचा झगा होता म्हणून मुठीतच ठेवली.
"मंग झालं तर," म्हणाले. "आता गोळ्या चालू करतो."
मी म्हटलं, करा मामा.